बेनिनच्या वाट्याला आलेले बाबा

शलाकाच्या वाट्याला बेनिन आला तेव्हा तिच्या बाबांना, म्हणजे राजन गायधनीला, आधी वाटलं की हे खोकल्याचं औषध असावं. शाळेचा कागद नीट वाचल्यावर कळलं की हा देश आहे, पश्चिम आफ्रिकेत आहे, प्रजासत्ताक आहे, आणि पुढचे तीन आठवडे तो आपल्यालाच चालवायचा आहे.

आपल्याला म्हणजे बापाला. कुवेतमधल्या मंगफ आणि अबू हलीफातल्या मराठी घरांत हा रिवाज एव्हाना पक्का झाला होता. शाळा प्रकल्प मुलांना देई, मुलं तो आयांना दाखवत, आया तो बापांकडे ढकलत, आणि रिफायनरीतले अनुभवी इंजिनियर घरी येऊन थर्माकोलचे ज्वालामुखी करत बसत. बक्षीस मुलाला मिळे, हस्तांदोलन बापाचं होई. गेल्या वर्षी सलील देशपांडेच्या मयूरने सौरऊर्जेवर चालणारं घर नेलं होतं. परीक्षकांनी वायरिंगबद्दल विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला होता, "माय डॅड इज ॲट वर्क." तरी पहिला नंबर त्याचाच आला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

२००६ सालच्या दिवाळीनंतर शाळेने नवीन खूळ काढलं. नववीच्या मुलांची खोटी खोटी युनायटेड नेशन्स भरवायची. प्रत्येकाने एका देशाचा प्रतिनिधी व्हायचं आणि त्या देशाचा कारभार कसा चालतो ते सभागृहाला सांगायचं. देश चिठ्ठ्या टाकून वाटले, आणि मयूरला फ्रान्स मिळाला. हे राजनच्या जिव्हारी लागलं. ज्या सलीलला राज्यसभा आणि विधानसभा यांतला फरक दरवेळी नव्याने समजावून सांगावा लागतो त्याला फ्रान्स, आणि ज्याच्या राजकारणाच्या अभ्यासाची ग्वाही अख्खं मंगफ देईल त्याला बेनिन.

अभ्यास होता, त्यात खोटं काही नाही. नाशिकच्या कुठल्या वॉर्डात कुठल्या जातीची किती घरं आहेत, कुठला नगरसेवक कुणाच्या मेहुण्याचा माणूस आहे, हे राजन झोपेतून उठवलं तरी सांगे. दोन हजार चारच्या मतमोजणीच्या दिवशी त्याने आजारपणाची रजा काढली होती आणि टीव्हीसमोर बसून तो खरोखरच आजारी पडला होता. दर शुक्रवारी चारसहा कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमत. जेवणं झाली की बायका आत जात आणि राजन सरकार पाडायला घेई. हे सगळं मंगफच्या तिसऱ्या मजल्यावरून, डिश अँटेनाच्या भरवशावर.

लहान असताना शलाका या बैठकीत त्याच्या मांडीवर बसून ऐकायची. आता ती चौदा वर्षांची होती. बाबा बोलायला लागले की तिच्या कानांत ते दोन वायरवाले बोळे जात आणि ती छताकडे बघत बसे. राजनला बक्षीस हवंच होतं, पण त्याहून त्याला त्या पोरीने एकदा ते बोळे काढून आपलं ऐकायला हवं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पुरुषाने असलं सांगायचं कुणाला, हाही प्रश्नच असतो.

तर त्याने शुक्रवारी सकाळी बसून भाषण लिहून काढलं. बेनिनबद्दल काही वाचायची गरज त्याला वाटली नाही. आफ्रिका म्हटल्यावर काय असणार हे माहीतच होतं. त्याच्या भाषणात एक जनरल होता, त्याची सोनेरी खुर्ची होती, अर्थमंत्री असलेला भाऊ होता, उपाशी जनता होती आणि शेवटी जगाला मदतीची हाक होती. ती हाक वाचताना त्याचे स्वतःचेच डोळे पाणावले.

शलाकाने ते उभ्याउभ्या वाचलं. "बाबा, हे कुठल्या कंट्रीचं आहे?"

"बेनिनचं."

"नाही. धिस इज नॉट बेनिन. तिथे प्रेसिडेंट इलेक्ट होतो."

"होतच असेल. नव्व्याण्णव टक्के मतांनी."

"तू काही वाचलंस का?" तिने विचारलं. मग ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने बाबांना बेनिन शिकवायला घेतला. आधी तिथे खूप कू झाले, म्हणजे लष्कराने सरकारं उलथवली. एकदा तर तीन पुढाऱ्यांनी ठरवलं की दोन-दोन वर्षं आळीपाळीने प्रेसिडेंट व्हायचं.

राजनची कळी खुलली. "हे आपल्याकडून नेलं असणार. उत्तर प्रदेशात नाही का, सहा-सहा महिने?"

"बाबा, हे नाइन्टीन सेव्हन्टीचं आहे. मग एक आर्मीवाला आला. तो सतरा-अठरा वर्षं होता. मग गव्हर्नमेंटकडचे पैसे संपले, तेव्हा त्याने सगळ्यांना बोलावलं. टीचर्स, फार्मर्स, युनियनवाले, चर्चवाले. टेन डेज कॉन्फरन्स. आणि ते लोक म्हणाले, आता आम्ही सांगू तसं होणार."

"मग गोळ्या घातल्या त्यांना."

"नाही. तो ओके म्हणाला. इलेक्शन झालं आणि तो हरला."

"पळून गेला असेल फ्रान्सला."

"घरी गेला. पाच वर्षांनी परत उभा राहिला आणि जिंकला. टू टर्म्स."

"बघ. आला की नाही वळणावर? आता मरेपर्यंत उठत नाही."

"उठला. याच वर्षी. दोनच टर्म्स मिळतात, आणि सेव्हन्टी झाल्यावर उभंच राहता येत नाही. कॉन्स्टिट्यूशनमध्ये आहे."

"मग घटना बदलायची."

"नाही बदलली."

"मुलाला बसवलं?"

"नाही."

"बायकोला?"

"बाबा."

सत्तरीनंतर घरी बसायचं हा नियम ऐकून राजनच्या डोळ्यांपुढून आपल्याकडचे कितीतरी पूज्य चेहरे सरकून गेले. हा नियम आपल्याकडे आला असता तर सभागृहात शिपाई आणि पंखे एवढेच उरले असते. पण हे मुलीपुढे कबूल करणं म्हणजे बेनिनला शरण जाणं होतं. लहान देश आहे, तिथे काय, जमतं कसंही, असं म्हणून त्याने आपला जनरल, सोनेरी खुर्चीसकट, टोपलीत टाकला.

"ओके, आणि अजून एक आहे," शलाका म्हणाली. "शाळेत शहरबानू मॅडमनी सांगितलंय की प्रत्येकाने एका रिअल व्होटरचा इंटरव्ह्यू घ्यायचा. आपल्या ओळखीतला कुणीतरी. व्होट देताना काय वाटलं, ते. मी रुकय्या आँटींना विचारू?"

रुकय्या म्हणजे चारुशीलाच्या लॅबच्या प्रमुख. शलाकाची आई चारुशीला सरकारी हॉस्पिटलात रक्त तपासायची, आणि तिच्या या कुवेती मॅडम जूनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा मत देऊन आल्या होत्या. बायकांना मत मिळाल्यानंतरची संसदेची ती पहिलीच निवडणूक होती. त्या दिवशी त्यांनी सगळ्या लॅबला बकलावा वाटला होता आणि चारुशीला दोन तुकडे घरीही घेऊन आली होती. ते खाताना राजनने कुवेतच्या संसदेचं भवितव्य सांगितलं होतं.

"घरात बाप असताना बाहेर कशाला विचारायचं?" राजन म्हणाला.

हे वाक्य तोंडातून गेलं, आणि मग त्याला आठवलं की आपण आयुष्यात कधी मत दिलेलंच नाही.

म्हणजे द्यायचं नव्हतं असं नाही. चौऱ्याऐंशी साली नाव नाशिकला आणि नोकरी बडोद्याला होती. एकोणनव्वदला तो कुवेतमध्ये आला होता. नंतर तर काय, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीपुरता, इथे मत नाही, आणि तिकडे परदेशात राहणाऱ्याचं नाव यादीत राहत नाही. आयुष्यात एकच संधी आली होती. इराकने कुवेत गिळल्यावर जे लोक अम्मानमार्गे हात हलवत घरी परतले त्यांत तो होता. एक्क्याण्णव साली लग्न करून, नव्या नोकरीच्या फोनची वाट बघत तो नाशिकला बसला होता आणि त्याच वेळी निवडणूक आली. मतदान केंद्र घरासमोरच्या शाळेत होतं. सकाळी रांग मोठी होती, दुपारी ऊन होतं, चार मित्र ओट्यावर आले होते आणि कोण निवडून येणार याची चर्चा रंगली होती. गर्दी ओसरली की जाऊ म्हणता म्हणता शिपायाने शाळेचं फाटक लावून घेतलं. त्याचा अंदाज मात्र बरोबर ठरला होता, हे तो अजून सांगायचा.

शलाकाने कानांतले बोळे काढून टेबलावर ठेवले होते. वही उघडून, पेन धरून ती थेट त्याच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांनी. त्या नजरेपुढे खरं बोलायला जो धीर लागतो तो राजनपाशी नव्हता.

"एक्क्याण्णव साल," तो म्हणाला, आणि मग त्याला थांबवता येईना. पहाटे उठून आंघोळ केली. रांगेत एक थरथरणारे आजोबा होते, त्यांना हात धरून पुढे नेलं. आत गेलो, बोटाला शाई लागली, अंगावर काटा आला. पडद्यामागे मशीन होतं. मनात देशाचा विचार केला आणि बटण दाबलं. पीप असा लांब आवाज आला. "तो आवाज अजून कानांत आहे, शलाका. तो नुसता आवाज नव्हता, आपलं अस्तित्व होतं."

स्वयंपाकघराच्या दारात चारुशीला हातातला पोळपाट पुसत उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलीच्या वहीकडे पाहिलं आणि ती आत गेली.

पुढचा आठवडा राजनचा फार चांगला गेला. आपण मत दिलं यावर त्याचा स्वतःचाही हळूहळू विश्वास बसत चालला. सलीलला त्याने फोनवर सांगूनही टाकलं की भाषणात माझ्या अनुभवाचा एक तुकडा आहे, तेव्हा नीट ऐक, व्हिडिओ मी काढतोच आहे. स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी सगळे अबू हलीफाला सलीलच्या घरी जमले. तिथे हरीश साठे नावाचा नवा माणूस आला होता. पुण्यात पूर्वी कॉलेजात शिकवायचा, आता इथल्या एका कंपनीत कारागिरांना प्रशिक्षण देत होता. बोलता बोलता सलीलची बायको राजश्री म्हणाली की निवडणुकीचं काम शिक्षकांच्या गळ्यात मारतात ते वाईट.

"वाईट म्हणजे काय," हरीश म्हणाला. "एक्क्याण्णवला मी होतो ना ड्यूटीवर. चादरीएवढी मतपत्रिका. उमेदवारच इतके. लोकांना त्याची घडी घालता यायची नाही. शिक्का एकीकडे, शाई भलतीकडे. पेट्या लाखेने बंद करता करता आमची बोटं भाजली. हल्लीच्या पोरांची मजा आहे, बटण दाबलं की झालं."

"मशीन नव्हतं तेव्हा?" राजनने विचारलं. आवाज जमेल तितका सहज ठेवला होता.

"कुठलं मशीन? सगळीकडे मशीन तर आत्ता दोन हजार चारला आलं."

राजनच्या हातातलं श्रीखंड तसंच राहिलं. राजश्रीने आणखी पुरी वाढली तीही त्याला कळली नाही. घरी परतताना गाडीत त्याने हिशेब केला. सभागृहात दोनशे माणसं असणार. त्यांत हरीश असणार, कारण सलीलने त्याला आग्रहाने बोलावलं होतं. आपली पोर स्टेजवर उभी राहून एक्क्याण्णव सालचा पीप ऐकवणार आणि हरीश साठे पहिल्या रांगेतून हसणार. बरं, हसून सोडेल तर ठीक, पण मास्तर माणूस, हात वर करून शंका विचारेल. आणि मग शलाका वळून आपल्याकडे बघेल.

"शलाका," त्याने आरशात बघत म्हटलं, "तो मतदानाचा भाग जरा लांबलाय, नाही? काढून टाकू या का?"

"इट्स फाइन, बाबा. मी केलंय नीट."

"नीट म्हणजे?"

"मॅडमना आवडलंय." आणि तिने बोळे कानांत घातले.

त्याने आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा म्हणाला की बापाचा उल्लेख केला तर परीक्षकांना तो वशिला वाटेल. एकदा म्हणाला की मत ही खासगी गोष्ट असते. शलाका दोन्ही वेळा "ओके" म्हणाली, आणि त्या ओकेचा अर्थ काय, हे चौदा वर्षांच्या मुलीच्या बापाला विचारायची सोय नसते. खरं सांगून टाकणं हा तिसरा मार्ग होता. तो त्याला सुचला नाही असं नाही, पण तेवढ्यासाठी टीव्ही बंद करून तिच्या खोलीत जावं लागलं असतं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात देशोदेशीच्या कागदी झेंड्यांची गर्दी होती. मुलं देशांच्या पाट्यांमागे बसली होती आणि बाप भिंतीलगतच्या खुर्च्यांत बसून, ओठ हलवत, आपापली भाषणं आठवत होते. मयूरने फ्रान्स मांडला. तो सलीलने इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवला होता, त्यामुळे फारच अस्खलित होता. मग शहरबानू मॅडमनी बेनिनला बोलावलं. राजनने व्हिडिओ कॅमेरा डोळ्याला लावला. चित्रीकरण हा बहाणा होता, खरं तर त्याला चेहऱ्यापुढे काहीतरी धरायचं होतं.

शलाका इंग्रजीत बोलली. आवाज तिचा होता आणि शब्दही तिचेच. ती म्हणाली, माझा देश गरीब आहे. या वर्षी आमचं सरकार म्हणालं की निवडणुकीला पैसेच नाहीत. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, कॉम्प्युटर उसने दिले. काही ठिकाणी मतं मोजायला दिवे नव्हते, तर लोकांनी आपल्या मोटरसायकली आणून त्यांचे दिवे लावले आणि त्या उजेडात मोजणी झाली, असं मी वाचलं. ते वाचून मला वाटलं की ज्यांना मत द्यायला मिळतं ते सगळेच असं करत असतील. म्हणून मी एका मतदाराला शोधायला निघाले.

राजनने कॅमेऱ्याआडून हरीश साठेला शोधलं.

"आधी मी एका फार माहितगार गृहस्थांची मुलाखत घेतली," शलाका म्हणाली. "पण तपासल्यावर ते मतदार नाहीत, प्रेक्षक निघाले."

सभागृह हसलं. सलील तर मांडी थोपटून हसला.

"मग मला खरी मतदार आमच्या स्वयंपाकघरात सापडली. ती लग्न होऊन तीन-चार महिनेच झालेली मुलगी होती. मतदानाच्या दिवशी आईला औषध द्यायला जाते असं सासरी सांगून ती माहेरच्या वॉर्डात गेली, कारण तिचं नाव अजून तिच्या वडिलांच्या घरी होतं. अधिकारी म्हणाला, लग्न झालंय ना, पुढच्या वेळी इथलं नाव कमी होईल, तिकडे घालून घ्या. तिला वाटलं, मग हे आपलं शेवटचंही असेल. तिने तो भला मोठा कागद दोनदा नीट दुमडला, शिक्क्याची शाई दुसरीकडे उमटू नये म्हणून. नंतर ती परदेशात आली आणि ते खरंच शेवटचं ठरलं. मी तिला विचारलं, तेव्हा काय वाटलं? ती म्हणाली, फार काही नाही. घरी आले तर ओट्यावर पाच पुरुष निवडणुकीवर बोलत होते. मी त्यांना चहा दिला. डाव्या हाताच्या बोटाची शाई ओली होती, ती कपाला लागेल म्हणून मी बोट जपून धरलं होतं. पाचांतल्या एकानेही बोटाकडे पाहिलं नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. चारुशीलाच्या आमंत्रणावरून आलेल्या, पुढच्या रांगेत बसलेल्या रुकय्यांनी आधी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. राजनने कॅमेरा खाली घेतला. शेजारच्या खुर्चीत चारुशीला पर्स मांडीवर धरून, समोर बघत, टाळ्या वाजवत होती. तो कप राजनला आठवेना. चहा आठवेना. त्या दिवशी आपण काय भाकीत केलं होतं ते मात्र शब्दन् शब्द आठवत होतं. त्याला फार लाज वाटली.

पहिलं बक्षीस फ्रान्सला गेलं, ते सलीलने स्वीकारल्यासारखं मयूरने स्वीकारलं. बेनिन दुसरा आला. पार्किंगमध्ये हरीश साठे मुद्दाम गाठून म्हणाला की तुमच्या मिसेसनी घडी अगदी बरोबर घातली होती, अशी शंभरात दहा माणसं घालायची. सलीलने विचारलं, "तो प्रेक्षक कोण रे? माझ्या ऑफिसातला अकबर असणार, तोच फार बोलतो." राजन म्हणाला की असेल.

गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. मागच्या सीटवर शलाका होती. तिच्या कानांत काही नव्हतं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," राजन शेवटी बायकोला म्हणाला.

"सांगितलं होतं की," चारुशीला म्हणाली. "त्याच दिवशी, जेवताना. तुम्ही बोलत होतात."

राजनने दोन सिग्नल पार केले. माफी मागावी असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पंधरा वर्षं एका घरात, एका निवडणुकीची चर्चा त्याने शंभर माणसांशी केली होती आणि जिने खरंच मत दिलं होतं तिला एकदाही विचारलं नव्हतं. पण इतक्या वर्षांची सवय काही एका भाषणाने सुटत नाही.

"कुणाला दिलंस?" त्याने विचारलं.

चारुशीलाने खिडकीची काच थोडी खाली केली.

"ते गुप्त असतं," ती म्हणाली.